अमोनियाचे दोन तक्ते

मयूर तासगावच्या कोल्ड स्टोरेजच्या साइटवरून नाशिकला आईला बघायला आला, पण बॅग ठेवताच त्याने बहिणीपुढे अमोनियाचे दोन तक्ते पसरले. सरिता पॉलिटेक्निकला रेफ्रिजरेशन शिकवते.

"ताई, गॅस तोच, दाब तोच, तापमान तेच. मग उष्णतेचे आकडे वेगळे कसे? कोल्ड स्टोरेजचं गणितच जुळत नाहीये. यातला एक तक्ता नक्की चुकलाय."

"दोन्ही बरोबर आहेत. उष्णता कुठून मोजायला लागायचं, ते दोघांनी आपापलं धरलंय. तू आधीचा आकडा एकातला घेतलास आणि नंतरचा दुसऱ्यातला."

मयूर कपाळाला हात लावून हसला.

तेवढ्यात आई खोलीतून बाहेर आली. भिंत धरून, एकेक फरशी ओलांडत ती पॅसेजमधल्या स्टुलापर्यंत पोचली आणि बसली. सरिताने टाळ्या वाजवल्या.

मयूरचं हसू गेलं. "टाळ्या कसल्या वाजवतेस?" तो दबक्या आवाजात म्हणाला. "दिवाळीत हीच वणीचा गड पायी चढली होती."

"तू दिवाळीपासून मोजतोयस," सरिता शांतपणे म्हणाली. "मी आयसीयूपासून."

मयूरची नजर तक्त्यांवर गेली.

चहा पिऊन आई परत खोलीत गेली, तेव्हा त्याने विचारलं, "हे स्टूल काल कुठे होतं?"

"एक फरशी अलीकडे, खोलीच्या बाजूला."

तो उठला आणि उद्यासाठी त्याने ते एक फरशी पुढे सरकवलं.