लाजर जेवायला बसतो

न्हावी स्वतःच्या शवपेटीत उताणा पडून आढ्याकडे बघत होता, आणि ती पेटी बनवणारा सुतार, म्हणजे त्याचा सख्खा धाकटा भाऊ, हातात रंधा घेऊन त्याला विनवत होता, "दादा, ऊठ ना. गिऱ्हाईक पेटी बघायला येतं आणि आत तुला बघून पळत सुटतं."

दादा हलला नाही. तो आदेशाची वाट बघत होता.

त्याचं झालं असं, की डॉक्टरांनी हात टेकले, पाहुण्यांनी काळे कपडे इस्त्री करून ठेवले, तो बेशुद्ध पडलेला असतानाच भावाने डोळे पुसत त्याचं माप घेतलं, पेटीवर पॉलिशचा शेवटचा हात फिरला, आणि त्याच संध्याकाळी हा गडी उठून बसला. पाणी मागितलं, तेही इतकं खणखणीत की शेजारची कोंबडी अंडं अर्धवट टाकून पळाली म्हणे.

तेव्हापासून त्याच्या डोक्यात एकच. पवित्र शास्त्रातल्या लाजराला प्रभू येशूने हाक मारून थडग्यातून उठवलं, तसंच आपल्याला उठवलंय. म्हणजे हे चिन्ह. चिन्ह म्हटलं की मागे काहीतरी मोठं काम असणारच. ते कळेपर्यंत हसायचं नाही, भांडायचं नाही, पुढ्यात येईल ते मुकाट गिळायचं. एरवी गिऱ्हाइकाच्या गळ्याशी वस्तरा धरून त्याच्याशी राजकारणावर वाद घालणारा माणूस हा. परवा त्याच्या हातून एकाची निम्मी मिशी उडाली, तर याने त्याला आशीर्वाद देऊन वाटेला लावलं.

न्हाव्याची बायको मात्र झुरत चालली होती. नवरा वाचला खरा, पण उठून बसला तो कुणी भलताच, असं तिने फादरांना सांगितलं. आज दुपारचा डबा घेऊन ती सुताराच्या कारखान्यात आली, ती फादरांना बरोबर घेऊनच.

फादरांनी पेटीत डोकावून पाहिलं. याच्या दफनासाठी लिहिलेलं प्रवचन अजून त्यांच्या खणात होतं, आणि ते मोठं झकास उतरलं होतं. पण त्यांनी तो विषय काढला नाही.

"फादर, लाजराने पुढे काय केलं हो?" न्हाव्याने पडल्यापडल्या विचारलं. "प्रवचनं दिली असतील. आजारी बरे केले असतील."

फादर म्हणाले, तसं काही लिहिलेलं नाही. सबंध शास्त्रात लाजराच्या तोंडी एक शब्दसुद्धा नाही. थडग्यातून उठल्यावर तो आपल्याला भेटतो तो जेवायला बसलेला. बहीण वाढतेय, चार माणसं बसलीत, त्यांत हा.

न्हावी कोपरावर उठला. "जेवला? एवढंच? मग ते चिन्ह कसलं?"

"अरे बाबा, चिन्ह त्याच्यासाठी नव्हतंच. बघणाऱ्यांसाठी होतं. लोक मुद्दाम यायचे त्याला बघायला."

"मला कोण बघायला येतंय?"

सुतार उगीचच रंध्याची धार तपासू लागला. फादर खोकले. बायको डब्याचं झाकण काढत, वर न बघता म्हणाली, "मी बघतेच आहे की. महिना होत आला. अजून काही दिसलं असेल तर शपथ."

पेटी करकरली. न्हावी एक पाय बाहेर टाकून, मग दुसरा, असा उतरला. पाठीला भुसा चिकटलेला, तसाच तो सुताराच्या बाकावर जाऊन बसला. बायकोने पाव मोडून दिला, बटाट्याचा रस्सा वाढला. त्याने एक घास खाल्ला. दुसरा तोंडात घोळवला. महिनाभर सपाट पडलेल्या भुवया हळूहळू वर चढल्या.

"काय गं," तो म्हणाला, "मीठ घालायचं राहिलं, की दुकानातलंच संपलं?"

सुतार मीठ आणायला धावला. वहिनीने त्याची बाही धरून त्याला जागीच थांबवलं, आणि एक खोकं ओढून नवऱ्याच्या अगदी समोर बसली.

"पुन्हा म्हणा," ती म्हणाली.