पाचवा फाऊल

सगळे जिला भिंगरी म्हणत ती चिमुरडी खेळाडू आधी पडली की शिट्टी आधी वाजली, हे पंचबाईंना विचारलं असतं तर त्यांनाही छातीठोकपणे सांगता आलं नसतं. त्यांनी मूठ वर केली आणि समोरच्या संघातल्या उंच मुलीकडे हात दाखवला. उंच मुलीने काही वाद न घालता हात वर केला. टेबलाशी बसून नोंद ठेवणाऱ्या बाईंनी चारचा आकडा उचलून धरला. आता आणखी एक फाऊल, की ही बाहेर.

"काढा त्या जिराफाला!" वरच्या बाकांवरून कोणीतरी ओरडलं आणि हशा पिकला. जिराफ तिच्या संघातल्या मुलीही तिला म्हणत. पण त्यांच्या तोंडी ते वेगळं वाटे.

मुलींच्या कॉलेजांचा बास्केटबॉलचा उपांत्य सामना होता. शेवटच्या सत्राआधी सगळे पाणी प्यायला थांबले, तेव्हा जोडीचे पंच, केस पिकलेले गृहस्थ, पंचबाईंच्या कानाशी लागले.

"दांडगी आहे ती. मुलींचा खेळ आहे बाई, वेळीच लगाम घाला. एखादीचं हाड मोडलं तर आपल्या नावाने बोंब होईल."

पंचबाईंनी मान डोलावली. त्यांनाही तसंच वाटत होतं. भिंगरी ती केवढीशी, चिमणीएवढी; आणि ही समोर नुसती उभी राहिली तरी अंगावर आल्यासारखी दिसे.

खेळ सुरू झाला आणि लगेच थांबला. घड्याळाचं काहीतरी अडलं होतं, टेबलाशी खटपट चालली होती. पंचबाई बास्केटखाली बॉल काखेत धरून उभ्या होत्या. शेजारी जिराफ. सहज त्यांची नजर तिच्या हाताकडे गेली. कोपरापासून मनगटापर्यंत नखांचे लाल ओरखडे. खालचा ओठ सुजलेला.

"हे कधी लागलं?"

"पहिल्यापासूनच चाललंय, मॅडम."

"मग मला कसं दिसलं नाही?"

"मी पडत नाही ना," ती म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती. थोडी घुटमळली आणि म्हणाली, "मॅडम, एक विचारू? मी जागेवर सरळ उभी राहते, हात वर ठेवते. त्या येऊन आदळतात. नेमकं काय केलं म्हणजे फाऊल होणार नाही?"

पंचबाईंना उत्तर तोंडपाठ होतं. "जागेवर सरळ उभं राहायचं. हात वर ठेवायचे," त्या म्हणाल्या, आणि वाक्य पुरं व्हायच्या आतच त्यांनी पुन्हा त्या ओरखड्यांकडे पाहिलं.

घड्याळ सुरू झालं.

शेवटचं मिनिट आलं तेव्हा भिंगरीचा संघ एका गुणाने मागे होता. भिंगरी बॉल घेऊन निघाली. एकीला डावीकडून चकवलं, दुसरीला उजवीकडून, आणि सरळ आत घुसली. समोर जिराफ. इतका वेळ पंचबाई बॉलकडे बघत होत्या. या वेळी त्यांनी जिराफच्या पायांकडे बघितलं. दोन्ही पाय जमिनीत रोवल्यासारखे. हात सरळ वर.

धाडकन आवाज झाला. भिंगरी उताणी पडून घसरत गेली. शिट्टी वाजली. सगळा हॉल उठून उभा राहिला.

जिराफने हात वर केला आणि मान खाली घालून बाकाकडे चालू लागली. तिच्या कोचने बदली मुलीला उठवलंही होतं.

"ए, थांब! कुठे निघालीस?"

"पाचवा झाला ना, मॅडम."

"तुझा नाही. तिचा." पंचबाईंनी मूठ तळव्यावर आपटली आणि हात उलट्या दिशेला दाखवला. उभ्या असलेल्या मुलीवर चाल करून आदळल्याचा फाऊल.

जिराफ तिथेच थिजली. शेवटी मैत्रिणींनीच दंडाला धरून तिला आत ओढलं. भिंगरीचे कोच डोक्याला हात लावून ओरडत होते. जोडीच्या पंचांनी पंचबाईंकडे एकदा रोखून बघितलं.

भिंगरी गुडघे झटकत उठली. रागावली नव्हती, गोंधळली होती.

"पण मॅडम, मघापासून तर तिचाच फाऊल देत होतात."

"हो," पंचबाई म्हणाल्या. "चुकत होते."

असं बोलणारा पंच भिंगरीला आजवर भेटला नसावा.

जिराफच्या संघाचा नेम हुकला. बॉल पुन्हा भिंगरीच्या हातात आला. पुन्हा तीच वाट, पुन्हा समोर तीच. भिंगरीने एकदा डोळ्यांच्या कोपऱ्यातून पंचबाईंकडे पाहिलं. मग वीतभर अंतर राखून दोन्ही पायांवर थांबली, होती तिथूनच उडाली आणि त्या उंच बोटांच्याही वरून बॉल सोडला. तो कडीला न शिवता जाळीतून खाली आला. भोंगा वाजला.

भिंगरीच्या मैत्रिणी किंचाळत तिच्याकडे धावल्या. त्या पोचायच्या आधी जिराफ पोचली. हरली होती, घामाने निथळत होती. दोन्ही हात कमरेवर ठेवून तिने खाली भिंगरीकडे बघितलं.

"हा असा टाकता येतो तुला?"

भिंगरी धापा टाकत हसली. "येतो की."

"मग इतका वेळ पडत कशाला होतीस गं?"

भिंगरीची नजर पंचबाईंच्या शिट्टीकडे वळली.