एकोणचाळीसचा रुपया

भिंगाखाली नाणं धरून अंकुशराव हसले. एकोणीसशे एकोणचाळीसचा चांदीचा रुपया फार दुर्मीळ. तो घेऊन येणाऱ्या दहांपैकी नऊ जणांकडे नक्कलच निघते, असं त्यांनी समोर बसलेल्या जयदेवला आधीच सांगून टाकलं.

जयदेव खुर्चीच्या टोकाशी अंग चोरून बसला होता. सारसोळ्याचा माणूस, उभा जन्म खाडीत जाळं टाकण्यात गेलेला. वाशीतल्या या थंडगार दुकानात आपल्या कपड्यांना मासळीचा वास तर येत नसेल ना, या धास्तीत तो होता. मुलीचं, रुतिकाचं लग्न महिन्यावर आलं होतं. होणारा जावई प्रणय जुनी नाणी जमवायचा. अंकुशराव नाणं तपासतात, त्याची प्रत ठरवतात आणि पारदर्शक डबीत सीलबंद करून दाखला देतात, हे त्यानेच एकदा बोलता बोलता सांगितलं होतं. तशी डबी जावयाच्या हातावर ठेवायची, एवढीच जयदेवची हौस होती.

आतल्या खोलीत फोन वाजला आणि कुणीतरी धावत गेल्याचा आवाज आला.

"आमची मंडळी," अंकुशराव म्हणाले. "मुलगा सुरतेला असतो. बरीच वर्षं त्याचा फोन नाही, तरी प्रत्येक फोन त्याचाच वाटतो तिला. असतो बँकेवाल्यांचा."

त्यांनी नाणं काट्यावर ठेवलं, आकडा लिहून घेतला. मग नाणं उभं धरून त्याची कड भिंगाखाली फिरवली. एका जागी त्यांचा हात थांबला. नंतर ते उठून आत गेले, आणि परत आले तेव्हा त्यांचा चेहरा ओला होता.

"नकली आहे," ते म्हणाले. "कडेवर बारीक टोचा मारलाय. खरं म्हणून कुणी विकू नये म्हणून जाणकार माणूस नकलेवर अशी खूण करतो, आणि शिकणाऱ्याला ओळख पटावी म्हणून देऊन टाकतो. तुमच्याकडे कुठून आलं?"

"माज्या आज्याचं हाय."

"ही नक्कल फार तर पंधरा वर्षांची आहे, जयदेवभाऊ."

जयदेवने खाली बघितलं. खोटं पकडलं गेलं होतं. मग त्याने सांगायला सुरुवात केली. आठ वर्षांमागे एका पहाटे, ओहोटीच्या वेळी, पुलाच्या अलीकडे त्याला पाण्यात एक तरुण पोरगा दिसला होता. त्याने त्याला होडीत ओढून घेतलं होतं. पुढे पोलीस घेऊन गेले. त्याच्यासाठी कुणीच आलं नाही, असं नंतर कानावर आलं.

"जिवंत होता?" अंकुशरावांनी विचारलं.

पोरगा होडीत आला तेव्हाच थंडगार होता. त्याची मिटलेली मूठ जयदेवने एकेक बोट उघडत सोडवली होती, आणि पोलीस यायच्या आत नाणं बनियनच्या खिशात टाकलं होतं. आठ वर्षांत त्याने हे बायकोलाही सांगितलं नव्हतं. ते या परक्या माणसाला कसं सांगायचं?

"व्हता," तो म्हणाला. "पानी मागला. मी पाजला. मंग त्यानंच नानं माज्या हातात दिलं."

अंकुशरावांनी पोराच्या अंगावर काय होतं ते विचारलं. निळा शर्ट. त्याला फार त्रास झाला का, ते विचारलं. जयदेव म्हणाला, नाही, झोप लागावी तसा गेला. अंकुशराव मान हलवत राहिले. मग त्यांनी कपाटातून दुसरा चांदीचा रुपया काढला, अस्सल, सीलबंद, दाखल्यासकट. तो जयदेवपुढे सरकवून ते म्हणाले, "हा जावयाला द्या. माझ्याकडून मुलीला आहेर समजा. ते नकली तेवढं राहू दे इथे."

जयदेव खुशीत घरी आला. पण त्याच्या बायकोने, येसूबाईने दुकानातलं सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न केला. नकली नाण्यासाठी कुणी अस्सल चांदी देतं का?

तो प्रश्न त्याला दोन दिवस टोचत राहिला. अंकुशरावांचा थांबलेला हात त्याला आठवला, आत जाऊन येणं आठवलं, इतकी खोदून केलेली चौकशी आठवली. त्या माणसाने ओळखलं होतं की हे चोरीचं आहे, आणणारा तक्रार करायला जाणार नाही. लाखमोलाचं नाणं त्याने गोड बोलून काढून घेतलं. कोळ्याला काय कळतंय, असंच वाटलं असणार त्याला. पुन्हा मनात यायचं, आपण तरी ते कुठे हक्काने मिळवलंय? पण चोराकडून चोरी करणाराही चोरच, असं म्हणून तिसऱ्या दिवशी तो सीलबंद डबी घेऊन तरातरा वाशीला गेला.

दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. तो वाकून आत शिरला. अंकुशराव नव्हते. दिवा न लावता त्यांची बायको एकटीच बसली होती.

"माजं नानं परत द्या," जयदेव चढ्या आवाजात म्हणाला. त्याने डबी काचेवर ठेवली. "नकली तर नकली. मला तेच पायजे. सारसोळ्याच्या जयदेवला फसवता काय?"

नाव ऐकताच ती बाई उठली. काउंटरला वळसा घालून आली आणि तो मागे सरकायच्या आत तिने वाकून त्याच्या पायांवर डोकं ठेवलं.

"माझ्या आकाशला शेवटचं पाणी तुम्ही पाजलंत, भाऊ," ती म्हणाली. "पाणी मागताना त्याने मला हाक मारली होती का हो?"