होडी विकणे आहे

अलिबागचे शेट्ये जाहिरात वाचून सांगलीच्या गावभागात आले, तेव्हा चाळीस वर्षं जुनी शिडाची होडी नाथाजींच्या अंगणात विटांवर चढवलेली होती. कोकण किनाऱ्यानं फिरायला त्यांना अशीच हवी होती. शर्ट काढून ते बनियनवर होडीखाली शिरले आणि दोन तास हातोडीनं फळी न् फळी वाजवून पाहिली.

"डावी बाजू ठणठणीत आहे. उजवीकडच्या तीन फळ्या कुजल्यात, बदला," ते खालूनच म्हणाले. नाथाजींनी लिहून घेतलं.

"समुद्रात किती वेळा गेली?"

"एकदाबी न्हाई."

"मग तळाला हा ओरखडा कसला? खडकाचा?"

"स्पीडब्रेकरचा. म्हापुरात घासली."

शेट्ये अंग झाडत बाहेर आले. "बरं. कितीला देणार?"

"आवं, द्यायची कुठं हाय? पानी चढलं की निम्मी गल्ली हिच्यातच बसती." नाथाजींनी चहाचा कप पुढं केला. "पर सांगलीत होडीतला जाणकार घावत न्हाई, म्हून दर मे म्हैन्यात जाहिरात टाकतो. ती डावी बाजू गेल्या साली रत्नागिरीच्या पाव्हण्यांनी बघून दिली."