सेकंदरावांची रेघ

“थांब. आहेस तिथेच थांब,” सेकंदराव म्हणाले.

बायको उंबरठ्यावर थांबली. एक पाय आत, एक बाहेर, हातात चहाचा कप. सेकंदराव कॉम्प्युटरच्या पडद्याला नाक लावून बसले होते. चहावर साय धरली तेव्हा कुठे त्यांनी बोट हलवलं.

“ये आता. पण टाच टेकवू नकोस.”

सेकंदराव हे नाव शेजाऱ्यांनी ठेवलेलं. जमीन मोजणीच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी माणसाएवढं उंच लंबकाचं घड्याळ स्वतः जुळवलं होतं. घरातल्या सगळ्यात भक्कम भिंतीवर ते बसवताना सुतारानं लोखंडी बोल्ट आरपार घातले. त्यांची टोकं पलीकडे स्वयंपाकघरातल्या फळीवर निघाली.

“अहो, फडकं अडकतं त्यांत,” बायको म्हणाली होती.

“मग पिठाचा डबा पुढे ठेव.” विषय संपला. स्वयंपाकघरात डोकावण्याची सवय सेकंदरावांना आधीही नव्हती, नंतरही लागली नाही.

घड्याळाची वेळ उपग्रहाकडून येणाऱ्या वेळेशी ताडून पाहिली जाई आणि फरकाची रेघ पडद्यावर उमटे. देशोदेशीच्या अशा छांदिष्टांचं एक मंडळ होतं. अख्खा हंगाम ज्याची रेघ सरळ राहील त्याला तिथे मोठा मान. तो मान सेकंदरावांना हवा होता, आणि त्याचा खर्च त्यांनी बायकोच्या नावावर टाकला होता. दार आपटायचं नाही. पाहुणे बोलवायचे नाहीत. शिलाईचं मशीन हादरे देतं, म्हणून ते बंद. लोहचुंबकानं लंबकाची चाल बिघडते, त्याचं तर नाव काढायचं नाही. फ्रिजवरची फुलपाखरं आणि टाचण्या गोळा करायचं तिचं गोल चुंबक एकाच दिवशी कचऱ्यात टाकायला लावली. तेव्हापासून ती हातानं शिवे. टाचण्या सांडल्या की गुडघ्यांवर बसून एकेक वेची, आवाज न करता.

दुसऱ्या गावी तिच्या थोरल्या बहिणीचं शिवणकामाचं दुकान होतं. “माझ्याकडे येऊन राहा, एक मशीन रिकामंच पडलंय,” असं बहीण फोनवर सारखं म्हणे. तिनं विचारून पाहिलं.

“आणि घर कोण बघणार? जेवणाचं काय?” सेकंदराव म्हणाले.

तिनं धाकट्या दिराला मध्ये घातलं. दीर मान हलवत म्हणाला, “वहिनी, दादा असाच आहे. सांभाळून घ्या. तुम्ही घर सोडलंत तर बोल तुम्हालाच लागणार.”

तिनं मनात बेरीज-वजाबाकी केली. दिराचा हिशेब बिनचूक होता. नवरा कितीही तऱ्हेवाईक असो, घर सोडणारीच वाईट ठरते. तिनं पुन्हा विषय काढला नाही.

पुढे सेकंदरावांची रेघ वाकडी झाली.

त्यांनी घड्याळाचं तेल बदललं, खिडक्या बंद केल्या, पंखा बंद केला. रेघ वाकडीच. मंडळातल्या एकानं विचारलं, घरात कोणी चालतं का? सेकंदरावांनी मान वळवून बायकोकडे पाहिलं. तिचं वजन ते काय, पण पडद्यापुढे कुणाचं चालतं! त्यांनी तिला दुपारभर स्वयंपाकघरात खुर्चीवर बसवून ठेवलं. रेघ सुधारेना.

“बसलीस तरी अंगाची ऊब असतेच,” ते म्हणाले.

“मग मी श्वास घेऊ की नको?”

“हळू घे.”

तशात बहिणीचं ऑपरेशन झालं, म्हणून ती चार दिवस तिकडे गेली. ती गेली आणि रेघ सरळ झाली. ती परतली, पुन्हा वाकडी. सेकंदरावांनी मुद्दाम तिला दोन रात्री दिराकडे झोपायला पाठवलं. सरळ. बोलावून घेतलं. वाकडी.

त्यांनी भावाला बोलावून पडदा दाखवला. “पुरावाच आहे. ही घरात असली की घड्याळ चुकतं. हिला बहिणीकडे जाऊ दे.”

बायको मटकन खाली बसली. “या वयात मला घराबाहेर काढता? लोक काय म्हणतील?”

“दादा, अरे जेवणाचं काय?” दीर म्हणाला.

“डबा लावीन.”

इतकी वर्षं अडलेला प्रश्न दोन शब्दांत सुटला.

“मी नाही जायची,” ती म्हणाली. “ताईला वाटेल मीच भांडून आले.”

“मी सांगतो तिला!” सेकंदरावांनी तिथल्या तिथे मेहुणीला फोन लावला आणि आपणच बायकोला पाठवतोय, हे ठणकावून सांगितलं. दीर शरमला. “वहिनी, तुमची काही चूक नाही. घराण्यात कोणी बोललं तर गाठ माझ्याशी आहे.”

तिनं डोळे टिपले. “निघण्याआधी फळीवरचे डबे तेवढे आवरून येते,” म्हणाली आणि चवड्यांवर चालत आत गेली.

हंगाम संपला तेव्हा दिराचा फोन दुकानात आला. “वहिनी, दादाला मान मिळाला! रेघ अगदी दोरी ताणल्यासारखी. राग धरू नका, पण… तो म्हणतो, तुम्ही परत येऊ नका.”

“बरं, भावजी,” ती पडेल आवाजात म्हणाली आणि फोन ठेवला. वळताना तिचा धक्का लागून टाचण्यांची डबी जमिनीवर सांडली.

बहीण वाकणार, तोच तिनं पिशवीतून गोल चुंबक काढून फरशीवर फिरवलं. टाचण्या टपाटप उड्या मारून त्याला चिकटल्या.

“अगं, हे तर सेकंदरावांनी तुला फेकायला लावलं होतं ना?”

“हो ना, ताई. फेकणारच होते,” मशीनवर दणकून पाय मारत ती म्हणाली, “पण पिठाच्या डब्यामागे, त्या बोल्टाच्या टोकाला, ते असं काही घट्ट बसायचं!”