मधला चौकोन

गालिचा गुंडाळला आणि खालचे चौकोन उघडे पडले. पिवळी चिकटपट्टी कधीच उडाली होती, काळपट माग तेवढे उरले होते. दाराशी एक, खिडकीपाशी दोन आणि बरोब्बर मधोमध एक. ऑफिस आज रिकामं होणार होतं, म्हणून घाईबाईनं हट्टानं सरांना बोलावून घेतलं होतं.

जिन्यात सरांच्या बायकोनं, काकूंनी, तिला बजावलं होतं, की हल्ली ते माणसं विसरतात, मनाला लावून घेऊ नकोस. ती हसली होती. बाकीच्यांना विसरतील, मला? शक्यच नाही.

वेबसाइटचं काम सरांनी तिला या चौकोनांत चालवूनच तर शिकवलं होतं. दारातला चौकोन म्हणजे लॉगिनचं पान. मधला म्हणजे ॲक्शन, येईल त्याला अडवून पुढे कुठे धाडायचं ते ठरवणारा. तिथे सर स्वतः उभे राहायचे, हात मागे बांधून, ढिम्म. नवी पोरं रिक्वेस्ट, म्हणजे पानाची मागणी, होऊन दारातून यायची. ओळख पटली की खिडकीकडच्या आतल्या पानांवर, नाही पटली की परत दाराशी. पण निघून जायचं नाही, नाव सांगून पुन्हा यायचं. ही बया दर वेळी नाव न सांगताच आत घुसायची. म्हणून घाईबाई. हसून हसून पोट दुखायचं सगळ्यांचं. काय दिवस होते ते!

सर आले. काठी काकूंच्या हातात दिली आणि सरळ मधल्या चौकोनात जाऊन उभे राहिले. हात मागे. पाहून तिला भरूनच आलं. ती धावत पुढे गेली.

"कोण?" सरांनी विचारलं.

"घाईबाई, सर."

सर तिच्याकडे बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांत तिनं थट्टा शोधली. ती नव्हती. मग त्यांनी मान हलवली आणि दाराकडे बोट केलं.

तिचा चेहरा पडला. डोळे पुसत ती दाराबाहेर पडणार, तेवढ्यात काकूंनी तिचा दंड धरला आणि तिला दारातल्या चौकोनात आणून उभं केलं.

"निघालीस कुठे?" काकू म्हणाल्या. "मीही रोज सकाळी इथूनच सुरुवात करते, नाव सांगून."