मुंगीच्या कोटाची बटणं

"सर, सुई-दोरा आहे का?"

दारात मुंगी उभी होती. वय बारा, अंगात शाळेचा निळा कोट आणि तळहातावर एक बटण. वसतिगृहात सगळे तिला मुंगीच म्हणत, कारण तिला एका जागी स्वस्थ बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

गणिताचे सर खोलीत एकटेच जेवत होते. ताट वर आणून जेवायचं, हे त्यांनी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं होतं. टेबलाच्या खणात राजीनामा लिहून तयार होता, फक्त तारीख घालायची बाकी होती. बायको गेली, घर खायला उठलं, म्हणून ते या शाळेत आले. आता ही खोलीही तेच करू लागली होती.

"माझ्याकडेच का आलीस?"

"फळ्यावर आपली नावं एका ओळीत आहेत ना, म्हणून."

सरांना आठवलं. या शाळेची एक रीत होती. नवं कुणी आलं की पहिलं सत्र कुणीतरी त्याचं पालक व्हायचं. मोठ्या बाईंनी जोड्या लावून यादी टांगली होती. आपल्याला येऊन आठवडा नाही झाला तर गळ्यात हे लोढणं, असं सर तेव्हा मनात म्हणाले होते.

बायकोचा शिवणाचा डबा त्यांनी अजून उघडला नव्हता. तो आज उघडला. सुईत दोरा ओवायलाच दहा मिनिटं गेली. तेवढा वेळ मुंगी चक्क जागची हलली नाही.

"छान झालं," ती म्हणाली. बटण तिरकं बसलं होतं.

दोन दिवसांनी ती पुन्हा आली. मग बाहीचं बटण गेलं, मग खिशाचं. गंमत म्हणजे सरांनी लावलेलं बटण कधीच तुटत नसे, तुटायचं ते नेहमी दुसरंच. हात बसला म्हणायचा आपला, असं वाटून सरांना जरा बरं वाटलं.

एकदा त्यांनी चष्मा लावून दोऱ्याची टोकं पाहिली. झिजून तुटलेला दोरा पिंजतो. ही टोकं सरळ होती. कुणीतरी कापली होती.

"मुंगे, तुला कुणी त्रास देतं का?"

"नाही सर." ती खाली बघत राहिली.

पोरं स्वतःहून थोडीच सांगतात! आणि न सुटलेलं गणित सरांना कधी झोपू देत नसे. राजीनाम्याला चार दिवस इकडेतिकडे, आधी या प्रकरणाचा छडा लावू, असं त्यांनी ठरवलं.

पाळत ठेवायची तर मुलांत जायला हवं. सर जेवणघरात मुंगीच्याच बाकावर बसू लागले. पहिल्या दिवशी कुणी तोंड उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी एका चिमुरड्याने नकोसे वाटाणे गुपचूप त्यांच्या ताटात ढकलले. आठवड्याभरात अख्खं बाक त्यांना कोडी घालू लागलं. संध्याकाळी ते मैदानावर पंच झाले आणि चुकीच्या वेळी शिट्टी वाजवून भरपूर बोलणी खाल्ली. ज्याच्यावर संशय घ्यावा, ते पोर दुसऱ्या दिवशी वही घेऊन दारात हजर.

धुलाईघरातल्या मावशींकडेही चौकशी झाली.

"कोट धुताना बटणं तुटतात का हो?"

"माझ्या हातून? वीस वर्षांत एक नाही! बसा, चहा घ्या." मग चहा रोजचाच झाला. "आणि तुम्ही लावलेली बटणं बघितली मी. चार वेढे, वर गाठ. कुठे शिकलात?"

सर लाजले. वेढे घातल्याचं त्यांना काही आठवेना.

सत्राच्या शेवटच्या दिवशी ते मोठ्या बाईंसमोर बसले.

"बटणं कापणारा सापडला नाही. पण मी सोडणार नाही. पुढच्या सत्रात सापडेलच."

"पुढच्या सत्रात?" बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "तुम्ही जाणार, असं कानावर आलं होतं."

"राजीनामा सकाळीच फाडला. खरं सांगतो बाई, मला कशातच रस उरला नव्हता. या पोरीने मला गुंतवलं. तिला वाऱ्यावर सोडून कसा जाऊ? पालक आहे मी तिचा."

बाईंनी कपाटातून एक वही काढून पुढे सरकवली. सत्र संपलं की पालकाने आपल्या पाल्याबद्दल त्यात चार ओळी लिहायच्या, हीही इथली रीत होती.

सरांनी पेनाचं टोपण काढलं आणि आपल्या नावाचं पान उघडलं. पान आधीच भरलेलं होतं, गोल, टपोऱ्या अक्षरात.

"पाल्य: गणिताचे सर. आले तेव्हा एकटे जेवत होते. आता आमच्या बाकावर बसतात, हसतातसुद्धा. शिवणकाम मात्र कच्चं आहे, प्रत्येक बटण मला पुन्हा लावावं लागलं. शिवणवर्गाची कात्री आज परत केली."